माळ्यावरची गुहा

आमचे हे स्वतःच्या शोधात घरातून निघून गेले, तेव्हा मी आंघोळ करत होते. केस पुसत बाहेर आले, तर जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली एक कागद दाबून ठेवलेला.

‘अज्ञाताच्या हाकेला ओ देउन मी निघालो आहे. क्षितीजापलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय आता चैन नाही. परतलो, तर तो माझा पुर्नजन्म असेल. वाट पाहू नकोस. गॅस बंद केला आहे.’

सांगायला लाज वाटते, पण मी सगळ्यात आधी लाल पेन शोधलं. ‘देउन’मधला उकार दीर्घ केला, ‘क्षितीजा’ची दुसरी वेलांटी काढून पहिली घातली, ‘पुर्नजन्मा’तला रफार उचलून ‘ज’वर नेऊन ठेवला. मग खुर्चीत बसले आणि मला रडू फुटलं.

लाल पेन हा माझा पोटापाण्याचा धंदा. सव्वीस वर्षं मी एका प्रकाशनात प्रुफं तपासते, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचते. आमच्या प्रकाशकांचं मुख्य पीक धाडस आणि आत्मविकास. गोष्टीतला माणूस नवव्या पानावर कंटाळतो, विसाव्या पानावर घर सोडतो, चाळिसाव्याच्या आसपास त्याला पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा भेटतो, सत्तराव्याला तो गुहेत अडकतो आणि शेवटच्या सोळा पानांत पार दुसराच माणूस होऊन परत येतो. अशी तीनशेच्या वर माणसं मी घराबाहेर काढून सुखरूप परत आणली आहेत. त्यांतल्या एकाचंही वाटेत पोट बिघडल्याचं मला आठवत नाही. आणि परत आल्यावर एकानंही बायकोला विचारलेलं नाही, की बाई, तुझे दिवस कसे गेले?

आमचे हे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानं हिंडून तराजू तपासले. दुकानदाराच्या मापात पाच ग्रॅमचा फरक निघाला, तरी यांचा आवाज चढायचा. घरीसुद्धा दुधाचं पातेलं डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचे. निवृत्त झाले आणि तपासायला जगात काही उरलं नाही, तेव्हा मी घरी आणलेली प्रुफं हे वाचायला लागले. पहिली दोन पुस्तकं त्यांनी नाक मुरडत वाचली. तिसऱ्याला गप्प झाले. पाचव्यानंतर गार पाण्यानं आंघोळ सुरू झाली, आणि बाथरूममधून अशा किंकाळ्या यायला लागल्या, की खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई दोनदा चौकशीला वर आली.

मग बूट आले. गिर्यारोहकांचे, घोट्याच्या वर जाणारे, एकेक दीड-दीड किलोचा. ते रुळावेत म्हणून हे सकाळ-संध्याकाळ ते घालून हॉलमध्ये चकरा मारायचे. स्वयंपाकघरातून बैठकीत जाताना होकायंत्र बघायचे. एकदा मी कपाटावरची परात काढायला सांगितली, तर म्हणाले, “तुझं हेच. तुला सगळं हाताशी लागतं. माणूस सुखात कुजतो, कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हटलं. “परात द्या.”

तर असा हा माणूस त्या सकाळी निघून गेला. जाताना चष्मा विसरला, रक्तदाबाच्या गोळ्या विसरला, आणि फोन मुद्दाम ठेवून गेला, कारण गोष्टीतल्या कुठल्याही माणसाकडे फोन नसतो. मी खरंच घाबरले होते. चष्म्याशिवाय यांना बसचा नंबर दिसत नाही, कडा कुठून दिसणार? पोलिसांत जावं का, जाऊन काय सांगावं, नवरा हरवला की सापडायला गेलाय, अशा विचारात असताना घरचा फोन वाजला.

पलीकडे ताई होत्या. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. अडतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या. आता एकट्याच राहतात, आमच्या घरापासून बसनं एकोणीस मिनिटांवर. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण आमच्या दोघींचं बोलणं ‘तब्येत कशी आहे’ आणि ‘बरी आहे’ यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

“ऐक,” ताई दबक्या आवाजात म्हणाल्या, “तुझा नवरा माझ्या स्वयंपाकघरात घमेल्यात पाय घालून बसलाय. तुला सांगू नकोस म्हणालाय, म्हणून तो डोळे मिटेपर्यंत थांबले.”

मला हसावं की रडावं कळेना. “डोंगरावर जाणार होते ना?”

“बूट चावले. टाचेला हा एवढा फोड. पट्टी लावायला म्हणून माझ्या थांब्यावर उतरला. आता म्हणतोय, जरा माळ्यावरच्या खोलीत पडतो. तिथे माझ्या गाद्या आणि जुनं शिलाई मशीन आहे. काय करू? पाठवून देऊ?”

मी पत्राकडे बघितलं. तीन लाल खुणा, आणि गॅस बंद केल्याची ती नोंद.

“राहू देत,” मी म्हटलं. “किती दिवस काढतात ते तर बघू. गोळ्या मात्र पाठवते.”

“त्याला काय सांगू, गोळ्या आकाशातून पडल्या?”

“तुमच्याच आहेत म्हणा.”

हे तिथे अकरा दिवस राहिले. ताई रोज दुपारी फोन करायच्या, आणि तीस वर्षांत जे बोललो नाही ते आम्ही अकरा दुपारींत बोललो. आधी यांची खबर. आज सूप नको म्हणाला, मग दोन वाट्या प्यायला. आज दाढी वाढवायची म्हणतोय. आज गच्चीवर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला, शेजारी पन्हळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, काही वाळत घालायचंय का. मग हळूहळू यांचा विषय मागे पडायचा आणि ताई प्रसूतिगृहातलं सांगायच्या. एकदा त्यांनी यांचं ते पुनर्जन्माचं प्रकरण ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “मी या हातांनी हजारो जन्म पाहिलेत. टाचेला फोड आला म्हणून कुरकुरत कुणी बाहेर आलं नाही बाई.”

इकडे मी चैनीत होते. उभ्या-उभ्या पाव आणि उकडलेली अंडी खायची, पलंगावर आडवं-तिडवं पसरायचं, रेडिओ मोठ्यानं लावायचा. दूरच्या शहरातून लेकीचा फोन आला. तिला यांनी जायच्या आधीच पत्र धाडलं होतं.

“आई, बाबा किती धीट गं! या वयात! तू त्यांना अडवू नकोस हं.”

“अडवत नाही,” मी म्हटलं. “ते अगदी जिथल्या तिथे आहेत.”

बाराव्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात हे, दाढी वाढलेली, बूट दोरीनं गळ्यात अडकवलेले, पायांत ताईंच्या घरातल्या रबरी सपाता. वजन दोन किलो तरी वाढलं होतं. मापाच्या माणसाशी संसार केल्यानं माझी नजर तयार आहे. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, “मी परत आलोय. पण जो गेला होता, तो नव्हे.”

“बरं,” मी म्हटलं. “जेवणार का?”

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. डोंगर, वादळ, पाय घसरणं, दगडाची गुहा. गुहेच्या तोंडाशी येऊन अंधारात चमकणारे वन्य पशूचे डोळे. ताईंकडे एक केशरी बोका आहे, तो माणसाकडे टक लावून बघतो. पांढऱ्या भुवयांचा एक गूढ वृद्धही भेटला होता. त्यानं यांना एकच प्रश्न विचारला, ‘तू काय वाळवायला आला आहेस?’ आणि त्या प्रश्नानं म्हणे यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

मी त्यांना आणखी आमटी वाढली आणि स्वतः पाणी प्यायले.

आता कुणी विचारेल, तिथल्या तिथे का नाही बोललीस? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. एक म्हणजे ते सांगताना इतके खुशीत होते, की निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या तोंडावर रंग दिसत होता. दुसरं, प्रुफं वाचणाऱ्याला एक वळण पडलेलं असतं. शुद्धलेखन आपलं, मजकूर लेखकाचा. आणि खरं सांगू? गाडी कुठवर जाते ते मला बघायचं होतं.

ती माझ्या ऑफिसपर्यंत आली. दोन महिन्यांनी प्रकाशकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात यांच्या अक्षरातला गठ्ठा.

“बाई, घरात असा खजिना आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत! मी रात्रभरात संपवलं. गुहेतले अकरा दिवस! नावही तेच ठेवू. वाचक ढसाढसा रडणार आहेत. प्रुफं तुम्हीच बघा, घरचंच कार्य आहे.”

पुस्तक टाइप झालं आणि प्रुफं माझ्या टेबलावर आली. मी शुद्धलेखन नीट केलं. शंका असेल तिथे समासात लिहायचं आणि प्रुफं लेखकाकडे पाठवायची, हा आमचा नियम. लेखक माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपणारा, पण नियम तो नियम. मी समासात लिहिलं, ‘पान ४७ : गुहेत दिवा बंद केल्याचा उल्लेख आहे. गुहेत वीज होती का?’ प्रुफं ऑफिसच्या शिपायानं पाकिटात घालून आमच्याच घरी पोचवली. चार दिवसांनी त्याच वाटेनं परत आली. खाली यांच्या अक्षरात, ‘अंतरीचा दिवा.’

‘पान ५२ : उशीचा अभ्रा निळ्या फुलांचा होता असं म्हटलं आहे. खुलासा व्हावा.’

‘दगडाची उशी. अभ्रा हे रूपक.’

‘पान ६३ : सूप.’

सूप मुकाट्यानं खोडलं होतं.

त्या दिवसांत आम्ही रोज समोरासमोर बसून जेवत होतो आणि पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. हे माझ्याकडे चोरून बघायचे. मी भाजी वाढायचे.

मला गंमतच वाटत होती, पहिलं प्रकरण हातात येईपर्यंत. लेखकानं ते शेवटी लिहून पाठवलं होतं. त्यात मी होते. ‘घरी मी एका साध्या स्त्रीला मागे ठेवून निघालो. चार भिंतींत सुखी असलेली, उंबरठ्यापलीकडचं जग कधी पाहावंसंच न वाटलेली.’

मी ते वाक्य तीनदा वाचलं. सव्वीस वर्षं रोज सकाळी आठला दोन बस बदलून मी हे उंबरठ्यापलीकडचं जग ओलांडत होते. लेक तापानं फणफणलेली असताना, पाय मुरगळलेला असताना, संपाच्या दिवशी सहा किलोमीटर पायी. या माणसाच्या पगारात आणि माझ्या पगारात आमचं घर उभं राहिलं, आणि मी चार भिंतींत सुखी. समासात काहीतरी लिहावं म्हणून पेन उचललं. पण वाक्यात एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. मी पान उलटलं. त्या दिवशी घरी जाताना उतरायचा थांबा चुकले.

पुस्तक आलं. प्रकाशन समारंभ दुपारी एका सभागृहात ठेवला होता, खुर्च्या भरलेल्या. हे दाढी कातरून, नवा कोट घालून व्यासपीठावर. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी ताई. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं असं नाही. बोलावलं नव्हतं असंही नाही.

भाषणं झाली. यांनी गुहेतला उतारा वाचला, बोक्याचे डोळे आले तिथे बायकांनी श्वास रोखला. मग प्रश्नोत्तरं. मागून एका तरुण मुलीनं विचारलं, “सर, ही गुहा नक्की कुठे आहे? मलाही जायचंय. मी नोकरी सोडून जायला तयार आहे.”

“मुली,” हे खालच्या पट्टीत म्हणाले, “ती जागा सांगायची नसते. ज्याची त्याला शोधावी लागते.”

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. ताई उभ्या राहिल्या होत्या.

“ए, नोकरी सोडू नकोस गं,” त्या वळून त्या मुलीला म्हणाल्या. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज, माईकची गरजच नव्हती. “ती माझ्या घरातली माळ्यावरची खोली आहे. मी याची बहीण. बूट चावले म्हणून अकरा दिवस माझ्याकडे पडून होता. वन्य पशू म्हणजे माझा बोका. आणि बायकोबद्दल लिहिलंय ना, ते साफ खोटं आहे. हिनं याला गोळ्या पाठवल्या.”

हे व्यासपीठावर खिळल्यासारखे. खोटं माप सापडलेल्या दुकानदाराचा चेहरा कसा होत असेल, ते मला तोवर माहीत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

पण आमचे प्रकाशक तीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी झेप घालून माईक धरला.

“वा! ताईंनी आज या पुस्तकाचं मर्म एका वाक्यात सांगितलं! माळ्यावरची खोली! मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या मनात असा एक माळा आहे, आणि आपण तिथे फक्त जुन्या गाद्या टाकून ठेवल्या आहेत!”

आधी एक टाळी वाजली, मग सगळं सभागृह. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं डोळे पुसले. ताई हात हलवून सांगत होत्या, “अहो, मनातला नाही, खरा माळा! जिना आहे त्याला!” तशा टाळ्या आणखी वाढल्या. समारंभ संपल्यावर लोक पुस्तकावर सही घ्यायला यांच्याआधी ताईंकडे गेले. ती नोकरी सोडणारी मुलगी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, “जिना आहे त्याला! किती खोल!” ताईंनी तिची नाडी बघितली.

परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघतच म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“प्रुफांत विचारलं होतं,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, आणि लगेच ते थांबलं. “पहिल्या प्रकरणातल्या त्या वाक्याला मात्र काही विचारलं नव्हतंस.”

“त्यात चूक नव्हती. नुसता खोटेपणा होता. तो माझ्या कामात येत नाही.”

आमचा थांबा आल्यावर माझी पिशवी त्यांनी उचलली. मी ती काढून घेतली नाही, पण म्हटलं, “पुढच्या आवृत्तीत ते वाक्य राहिलं, तर मी राहणार नाही.”

पुढची आवृत्ती महिन्याभरात निघाली. वाक्य गेलं होतं. त्या जागी काय लिहावं हे यांना शेवटपर्यंत सुचलं नाही, म्हणून तिथे चार ओळींची कोरी जागा आहे. वाचक तिला मौन समजतात. पत्रं येतात.

प्रकाशक स्वतः ताईंकडे गेले होते. माळ्यावर वाचकांसाठी आत्मशोधाची शिबिरं घ्यायची त्यांची कल्पना. ताईंनी त्यांना शिलाई मशीन खाली उतरवायला लावलं, ‘नंतर बघू’ म्हणून दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

मी मात्र एके दिवशी रजेचा अर्ज लिहिला, सहा दिवसांचा. प्रकाशक चमकले. “कशासाठी?”

“ताईंना बोटीत बसायचंय. त्या कधी बसलेल्या नाहीत. मीही नाही.”

त्यांचे डोळे चमकले. “बाई, वही घेऊन जा बरोबर!”

वही नेली नाही. आम्ही दोघी बंदरावर गेलो आणि चुकीच्या बोटीत चढलो. वेळापत्रक मी वाचलं होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासणारी मी, एका ओळीतली बोट दुसऱ्या ओळीतल्या वेळेला लावून मोकळी झाले. बोटीनं आम्हाला एका चिमुकल्या बेटावर नेऊन सोडलं. तिथे एक दुकान, एक शाळा, आणि जाळ्यांचे ढीग. वारा सुटला आणि परतीची बोट तीन दिवस आलीच नाही. आम्ही शाळेत दोन बाकं जोडून झोपलो. भांडलो. ताईंनी मला ‘आंधळी’ म्हटलं, मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही तर डोळे असून विचारलंसुद्धा नाहीत.’ बोट लागून सुरू झालेल्या ताईंच्या उलट्या अर्धा दिवस थांबेनात. उन्हानं माझं नाक सोललं. दुसऱ्या दिवशी जाळी शिवणाऱ्या बायकांनी आम्हाला सुई चालवायला बसवलं. ताईंचा टाका सुंदर, माझा त्या बायकांनी उसवून पुन्हा घातला. तिसऱ्या दिवशी ताई गुडघाभर पाण्यात शिरल्या, लाटेनं त्यांना खाली पाडलं, आणि सत्तरीची ती बाई पाण्यात बसून इतकी हसली, की मला वाटलं तिला काही झालं. धावत मी गेले तर मीही पडले.

घरी आलो तेव्हा यांनी एक पातेलं जाळून ठेवलं होतं आणि खिडकीतल्या झाडांना चक्क पाणी घातलेलं होतं. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला, आणि समोर बसून उत्सुकतेनं विचारलं, “मग? काय शिकलात?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी खरंच आठवून पाहिलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “नाक सोललं.”

“असं कसं? काहीतरी बदललं असेल!”

“माझी चप्पल वाहून गेली,” ताई म्हणाल्या.

हे कप फिरवत बसले. त्यांनी काहीतरी मनात घोळवलं, टाकून दिलं, पुन्हा उचललं. मग नेहमीच्या, निवृत्तीच्याही आधीच्या साध्या आवाजात विचारलं, “पुढच्या वेळी मी आलो तर चालेल का?”

ताईंनी चहाचा घोट घेतला.

“बघू,” त्या म्हणाल्या. “तू फार बोलतोस.”